जाड तार

"मॅडम, एकच सांगतो. लिमिट माझ्या हातात पायजे," उदयसिंह शेठ म्हणाले आणि चहाचा कप रुद्राणीच्या कीबोर्डला चिकटून ठेवला. "कारखाना माझा, लाइट माझी. तुमच्या खोक्यानं मला विचारल्याबिगर माग बंद करायचे न्हाईत."

"ठेवते," रुद्राणी म्हणाली.

तिने मान वर केली नाही. केली असती तर शेठना तिच्या डोळ्यांत काहीतरी दिसले असते. पण शेठ कामाच्या माणसांच्या डोळ्यांत बघणाऱ्यांतले नव्हतेच. भवानी पेठेतल्या या वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात ते आधीही येऊन गेले होते आणि अजून त्यांनी तिचे आडनाव विचारले नव्हते. तिने मात्र त्यांना जिन्यातल्या खाकरण्यावरूनच ओळखले होते.

तिचा मालक नंदीश खुशीत होता. त्याची कंपनी म्हणजे दोन खोल्या, मोजकी माणसे आणि भिंतीवर टांगायचे एक यंत्र. कारखान्याच्या मेन लाइनवर ते बसवायचे. किती व्होल्ट आहेत, किती अँपिअर जातात ते यंत्र मोजते आणि केबलला झेपेल त्या लिमिटपेक्षा जास्त करंट गेला की लाइन तोडते. यंत्रात एक छोटा संगणक होता, मोजणारी सेन्सरची चिप होती, आणि या दोघांची बोलणी करून द्यायला ड्रायव्हर लागत होता. ड्रायव्हर म्हणजे स्टिअरिंगवर बसणारा नव्हे. लिनक्सच्या अगदी आतल्या गाभ्याला कर्नल म्हणतात, तिथे राहणारा हा प्रोग्रॅम. चिप नुसते आकडे फेकते. त्यांचे अँपिअर कसे करायचे, ते कुणाला दाखवायचे आणि कुणाला काय बदलू द्यायचे, हे ड्रायव्हर ठरवतो. ड्रायव्हर रुद्राणी लिहीत होती, म्हणजे ठरवणार रुद्राणी होती.

ती शाळेत असताना तिचे वडील मल्लप्पा, तिचे आप्पा, याच शेठच्या कारखान्यात वायरमन होते. दिवाळीच्या तोंडावर टॉवेलची मोठी ऑर्डर आली, माग थांबायचे नाव घेईनात आणि फ्यूज सारखा उडू लागला. फ्यूजची तार बारीक असते ती लोड वाढल्यावर वितळावी म्हणूनच. तिच्या जागी जाड तार घातली की फ्यूज उडायचा थांबतो, हा उपाय सोलापुरात पोराटोरांनाही ठाऊक आहे. "जाड तार घाल. काय हुतंय ते मी बघतो," शेठ म्हणाले. आप्पा नको नको म्हणाले आणि शेवटी त्यांनी घातली. फ्यूज उडाला नाही, बोर्ड पेटला. आप्पा मेन ओढायला आगीत शिरले आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजून बाहेर आले. मागवाले सगळे वाचले. चौकशीला सरकारी साहेब आले तेव्हा शेठनी रुमालाने कपाळ पुसत सांगितले, "मी नको म्हनत हुतो साहेब. यानंच घातली. आळशी मानूस."

साहेबांनी ते मान्य केले. कारखान्यातल्या कुणी तोंड उघडले नाही.

हाताबद्दल आप्पांनी कधी तक्रार केली नाही. बोटे एकमेकांना चिकटली, तशी ती त्यांनी पदरात घेतली. पण 'मल्लप्पा जाड तार घालतो' हे पेठेपेठेत झाले आणि हत्यारांची पिशवी खुंटीला गेली. पुढे घरातला साधा दिवा गेला तरी आई, गुरम्मा, बाहेरच्या वायरमनला बोलवायची आणि आप्पा तेवढा वेळ मारुतीच्या पारावर जाऊन बसायचे. रुद्राणीला ही गोष्ट गिळता आली नव्हती. शेठकडून तिला माफी नको होती, भरपाई नको होती. 'जाड तार घाल' हे वाक्य त्यांच्या तोंडून परत बाहेर काढायचे होते, चार लोकांच्या देखत. फ्यूज उडाला की या माणसाला दुसरे काही सुचत नाही, यावर तिचा पूर्ण भरवसा होता.

आधी तिच्या मनात याहून वाईट आले होते. सेन्सरची चिप करंट थेट मोजत नाही. धातूच्या एका पट्टीतून करंट जातो, पट्टीच्या दोन टोकांमध्ये जरासा व्होल्टेज पडतो, तो चिप मोजते आणि पट्टीचा रोध किती हे ड्रायव्हरने सांगायचे असते. तो दुप्पट सांगितला की करंट निम्मा दिसतो. स्क्रीनवर सगळे हिरवेगार, लाइन तुटत नाही आणि भिंतीत केबल भाजत राहते. रुद्राणीने एका दुपारी तसे लिहूनही पाहिले. एका आकड्याचे काम होते. शेठचा बोर्ड पेटलेला तिने डोळे मिटून मन भरेपर्यंत पाहिला. मग तिला आठवले की त्या बोर्डापासून चार पावलांवर टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या बाया बसतात. आग लागते तिथे शेठ कधीच नसतो. तिने आकडा पुसला. शेठची दया आली म्हणून नव्हे, आगीला माणूस ओळखता येत नाही म्हणून.

मग तिने सरळ काम केले. रोध खरा, करंट खरा, लिमिट केबलला झेपेल तेवढीच. फक्त लिमिट जिथे ठेवलेली असते तिथली बदलायची सोय काढून टाकली. ती वाचता येईल. बदलता कुणालाच येणार नाही, कारखान्याच्या मालकालाही नाही.

"शेठला लिमिटचं दिलंस ना?" नंदीशने विचारले.

"स्क्रीनवर दिसतंय," ती म्हणाली, आणि नंदीशला ते हो वाटले.

टॉवेल घेणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाचा तपासनीस कारखाना बघायला येणार होता, त्याच दिवशी शेठनी यंत्र सुरू करायचे ठरवले. भिंतीवर नवे खोके लुकलुकताना दिसले की छाप पडते, असा त्यांचा हिशोब. तपासनीस अभिमन्यू पुण्याहून आला होता. तरुण, कमी बोलणारा, हेल्मेट स्वतःचे घेऊन आलेला. यंत्र जोडून रुद्राणी आणि नंदीश बोर्डापाशी उभे होते. शेठनी त्याला घड्यांच्या टेबलाकडे नेले आणि हात वर करून सगळे माग चालू करायला सांगितले. मागे टॉवेल वाळवायचे नवे मशीनही लावायला सांगितले. ते त्या केबलवर चालणारच नव्हते. रुद्राणीने तोंड उघडले नाही. स्क्रीनवरचा आकडा चढताना ती बघत राहिली.

लाइन तुटली. सगळी खटखट एकदम थांबली आणि त्या शांततेने कान दुखायला लागले. झरोक्यांतून ऊन येत होते, त्यात कापसाचे बारीक तंतू तरंगत होते.

शेठ तरातरा बोर्डापाशी आले. "मॅडम, लिमिट वाढवा."

"वाढत नाही."

"म्हंजे?"

"नुसती वाचता येते. केबलला एवढंच झेपतं, शेठ."

शेठचा चेहरा तांबडा झाला. मागे तपासनीस आहे, हे ते विसरले होते. तो घड्यांचे टेबल सोडून त्यांच्या पाठीशी येऊन उभा राहिला होता. रुद्राणीला तो दिसत होता. तिने शेठना सावध केले नाही.

"जोतिराम," शेठनी नव्या वायरमनला हाक मारली. "काढ ते खोकं. जुन्या फ्यूजवर थेट जोड. जाड तार घाल. काय हुतंय ते मी बघतो."

अक्षर न् अक्षर तेच.

जोतिराम पक्कड घेऊन पुढे झाला, तेवढ्यात मागांच्या ओळीतून सिद्धप्पा आला. शेडमधला सगळ्यात जुना मागवाला, आप्पांचा जुना दोस्त. "शेठ," तो म्हणाला, "मल्लप्पालाबी तुमी हेच म्हनला हुता. हितंच. मी ऐकलोय."

"तू गप. माग बघ तुजा."

"माग बंद हाय की, शेठ."

कुणीतरी हसले. जोतिरामने एकदा फ्यूजकडे पाहिले, एकदा स्वतःच्या हाताकडे, आणि पक्कड खाली ठेवली. "मी न्हाई घालत," तो म्हणाला.

"मल्लप्पा कोण?" अभिमन्यूने विचारले.

"हुता एक वायरमन," शेठ वळून म्हणाले, आणि आपण कुणाशी बोलतो आहोत हे त्यांना तेव्हा कळले. "जुनी गोष्ट हाय साहेब. चला, चहा घेऊ."

"माझे वडील," रुद्राणी म्हणाली.

शेठनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिले. त्यांचे तोंड उघडले आणि तसेच राहिले. रुद्राणीला आनंद झाला, पोटभर झाला. तो चेहरा तिने कितीतरी वर्षे मनातल्या मनात बघून ठेवला होता आणि प्रत्यक्षात तो त्याहून बरा निघाला. अभिमन्यू चहा न घेता गाडीत जाऊन बसला. शेठ त्याच्या काचेशी वाकून बोलत राहिले, पण काच खाली झाली नाही.

फाटकाबाहेर नंदीशने तिला गाठले. "गिऱ्हाइकाच्या तोंडावर खोटं बोललीस तू. माझ्याशीपण."

"हो."

"उद्यापासून येऊ नकोस."

"बरं. पण ती लिमिट आहे तशीच ठेव," ती म्हणाली आणि रिक्षाला हात केला.

घरी आप्पा ओट्यावर बसले होते. तिने सगळे सांगितले, शेठच्या उघड्या तोंडापर्यंत. आप्पा हसतील, निदान शेठला एक शिवी देतील, असे तिला वाटत होते. त्यांनी वेगळेच विचारले.

"सिद्धप्पा बोलला? समद्यांसमोर?"

"व्हय, आप्पा. मोठ्यानं."

"आत्ता बोलला," आप्पा म्हणाले.

दर सणाला सिद्धप्पा त्यांच्याकडे जेवायला यायचा. इतकी वर्षे तो हुरडा खायचा, पोळी खायचा, आप्पांच्या हाताकडे बघायचा आणि घरी जायचा. रुद्राणीने हे कधी मोजलेच नव्हते. तिने सगळा राग एकाच माणसासाठी ठेवला होता. आता तो कुठे ठेवावा हे तिला कळेना.

दारात गुरम्मा पदर तोंडाला लावून उभी होती. मग आप्पा उठले, खुंटीवरून पिशवी काढली आणि ओल्या फडक्याने तिच्यावरची धूळ पुसली. स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड कधीपासून भिंतीतून सुटून लोंबत होता. आप्पा त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि स्क्रूड्रायव्हर उजव्या हातात धरला. चिकटलेल्या बोटांत तो बसेना. घसरून खाली पडला. त्यांनी उचलून परत धरला, परत पडला.

तिसऱ्यांदा त्यांनी तो रुद्राणीपुढे केला.

"तूच काढ, यव्वा," ते म्हणाले. "आदी मेन बंद कर."

ती मेन बंद करून आली. पंखा थांबला. खिडकीतून पडलेल्या संध्याकाळच्या उजेडात ती एकेक स्क्रू सोडवू लागली, आणि आप्पा डावा तळहात पसरून तिच्या शेजारी उभे राहिले, एकही स्क्रू खाली पडू नये म्हणून.