एंदाहच्या नावाची फळी

फाडकन आवाज झाला, पांढऱ्या फळीचे दोन तुकडे झाले आणि गावच्या सभागृहातल्या तीनशे माणसांनी छप्पर उडेल असा जल्लोष केला. फळी मोडणारी जुमियातुन डोळे विस्फारून स्वतःच्याच तळहाताकडे बघत राहिली. या बाईने त्या हाताने आजवर धड डासही मारला नव्हता.

"काय दिसलं, बू जुमियातुन?" मंचावरून पाक ब्रामान्त्योने विचारलं. गावात बायकांना बू आणि पुरुषांना पाक म्हणायची रीत. हा पाहुणा तर शिबिर घ्यायला आलेला, गुळगुळीत केसांचा, छातीला माइक लावलेला, म्हणजे पाक म्हणायलाच हवं.

"माझं दुकान दिसलं. हिरव्या रंगाचं."

"दिसलं म्हणजे झालं! फळी कुणी मोडली? हाताने? छे! हाताला कुठे डोळे असतात? चित्राने मोडली! आधी आपलं बलस्थान ओळखा, मग ध्येयाचं चित्र बघा, मग हाणा!"

पुन्हा टाळ्या. आता हे गाव जेपाराचं, म्हणजे सुतारांच्या मुलखातलं. इथे घरोघर रंधा चालतो आणि रांगणारी पोरं सागाच्या भुशात लोळतात. अशा गावाला लाकडाच्याच बाबतीत फसवायचं म्हणजे छाती हवी. दोन म्हाताऱ्या सुतारांनी फळी आधी तपासलीही होती. मागून करवतीचा छेद घेतलाय का, मधून पोकळ केलीय का, ते पाहिलं. तसं काही नव्हतं. स्वतः लबाडी करायची झाली असती तर त्यांनी तीच केली असती, म्हणून त्यांनी तेवढंच तपासलं. बाकी फळी होती सेंगोनची, चौरस, अंगठ्याएवढी जाड, कडांसकट पांढरा रंग फासलेली. सागावर जन्म काढलेली माणसं सेंगोनला लाकूड मानतच नाहीत. त्याची फळांची खोकी होतात. म्हाताऱ्यांनी नाक मुरडून फळी परत दिली.

मग कास्मिराची पाळी आली. छप्पन्न वर्षांची ही विधवा बाई एका फर्निचरच्या कारखान्यात घासकाम करायची. तीस वर्षं हातात पॉलिश पेपर घेऊन खुर्च्यांचे हात आणि पलंगांचे पाय घासत आली होती. शिबिराच्या दारात तिला एक कार्ड भरायला दिलं होतं. 'तुमचं बलस्थान कोणतं?' या ओळीपाशी ती बराच वेळ अडली होती. आपल्यात कसलं आलंय बळ? शेवटी मदतनिसाने दिलेल्या यादीतून तिने 'सोशिकपणा' उचलला. 'घरात सोबत कोण राहतं?' हे मात्र सोपं होतं. तिने लिहिलं, 'कुणी नाही.'

प्रत्येकाने आपलं ध्येय फळीवर लिहायचं होतं. तिने लिहिलं होतं, 'एंदाह घरी.'

दोन मदतनिसांनी फळी दोन बाजूंनी धरून तिच्यापुढे केली. धरताना त्यांनी ती जराशी फिरवली, त्यामुळे मुलीचं नाव तिच्या डोळ्यांपुढे आडवं पडलं. कास्मिराने डोळे मिटले. दारातून आत येणारी एंदाह पाहिली, पाठीवरची पिशवी पाहिली, उंबऱ्याशी काढलेल्या चपला पाहिल्या. आणि हाणलं.

फळी जागची हलली नाही. तिचा तळहात मात्र मनगटापर्यंत झिणझिणला.

"पुन्हा!" ब्रामान्त्यो म्हणाला. पुन्हा तेच झालं. सभागृहात कुणीतरी हळहळलं. तो मंचावरून खाली उतरला आणि त्याने आवाज मऊ केला. "बू, तुमच्या चित्रात कुठेतरी शंका आहे. मुलीला फोन करता?"

"नाही. म्हणजे... धीर होत नाही."

"करूही नका! हाक मारतो त्याचा स्वतःच्या चित्रावर विश्वास नसतो. ही फळी घरी न्या. समोर टांगा. रोज बघा. मी पुन्हा येईन तेव्हा दुसरी पायरी घेऊ. तुमची फळी तुटेल त्या दिवशी मुलगी दारात असेल."

त्या दिवशी अकरा जण न मोडलेल्या फळ्या काखेत घेऊन घरी गेले.

खरं सांगायचं तर ब्रामान्त्योने कास्मिराला तिला हवं तेच दिलं होतं. एंदाह तैवानला एका आजारी म्हाताऱ्याची देखभाल करायला निघाली, त्या सकाळी मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "जायचंय ना, जा," कास्मिरा म्हणाली होती. "पण मग या दारात परत पाऊल टाकू नकोस." पोचल्यावर पोरीने फोन केला. कास्मिराने वाजू दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजला, तोही वाजू दिला. त्यानंतर तो वाजलाच नाही. आता आपण फोन करायचा म्हणजे 'माझं चुकलं' म्हणावं लागणार. डोळे मिटून चित्र बघायला तसं काही म्हणावं लागत नाही.

सात महिने तिने चित्र बघितलं. कारखान्यातून यायची, चुलीवर मूठभर तांदूळ चढवायची आणि पलंगासमोरच्या फळीकडे तोंड करून बसायची. एंदाहला आंबट पिंदांग, म्हणजे माशांचं कालवण, फार आवडायचं. ते तिने या सात महिन्यांत एकदाही केलं नाही. एकटीसाठी एवढा मासा कशाला आणायचा? घरात बोलायला कुणी नसलं की माणूस भांड्यांशी बोलतं, तशी ती बोलायची. 'बाई गं, झाकण कुठे गेलं तुझं,' असं काहीतरी. फोन कपाटावर उपडा पडलेला असायचा. कधी हात तिकडे गेलाच तर ती स्वतःलाच दटावायची: शंका घेऊ नकोस, म्हणून तर येत नाहीये ती.

एका शुक्रवारी कारखाना दुपारीच सुटला. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने फळीचा एक कोपरा फुगला होता आणि रंगाचा पापुद्रा सुटला होता. कास्मिराला खरखरीत काही सहन व्हायचं नाही. तिने फळी खाली काढली, मांडीवर घेतली आणि पॉलिश पेपरने कोपरा घासायला लागली. कोपऱ्याच्या मागे एक बारका निळा ठिपका होता. रंगाऱ्याच्या कुंचल्याचा असेल म्हणून तिने सोडून दिला.

चार हात मारले आणि तिची बोटं थबकली.

तीस वर्षांत तिच्या बोटांना एक गोष्ट न सांगता कळायला लागली होती. लाकडाला रेषा असते. रेषेवरून हात सरळ जातो. आडवा मारला की लाकूड ओरबाडल्यासारखं होतं. इथे एंदाहचं नाव सुलटं धरलं, की रेषा खाली-वर जात होती. कास्मिराला ते आडवं पडलेलं नाव आठवलं. त्या पोरांनी फळी फिरवली होती. जुमियातुनच्या फळीवर लिहिलेलं दुकान मात्र सुलटं होतं. कास्मिराने ते बसल्या जागेवरून वाचलं होतं.

सरपण फोडणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. ओंडका उभा ठेवून रेषेच्या वाटेने घाव घातला की झटकन दोन फाका होतात. आडवा टाकून हाणलं तर कुऱ्हाड अडकून बसते. फळी तीच. ती कशी धरायची, एवढाच प्रश्न.

तिने अंगणात दोन विटा ठेवल्या. फळी आधी त्या पोरांनी धरली होती तशी, नाव आडवं करून ठेवली आणि हाणलं. काही नाही. मग पाव वळसा फिरवली. नाव सुलटं झालं. आणि तिचा हात वरच राहिला. ही मोडली तर? मोडली आणि दारात कुणी नसलं तर? सात महिने तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

तिने डोळे उघडे ठेवले, कसलंही चित्र पाहिलं नाही आणि हात खाली आणला.

फळी बिस्किटासारखी मोडली. कास्मिराने मान वळवून दाराकडे पाहिलं. दारात शेजारणीची कोंबडी उभी होती. मग ती तिथेच, विटांपाशी बसून खूप रडली. तिला ब्रामान्त्योचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

रविवारी 'दुसरी पायरी' होती. तिची फी वेगळी. अकराच जणांसाठी, पण गंमत बघायला खिडक्यांत गर्दी होती. कास्मिराने बाकीच्या दहा जणांवरून नजर फिरवली. बायको गेलेला कोळी कासान. मुलं जकार्ताला गेलेले निवृत्त मास्तर. लग्न न झालेली शिवणकाम करणारी सितोरेस्मी. एकाच्याही घरी जेवायला दुसरं माणूस नव्हतं.

"बू कास्मिरा!" ब्रामान्त्यो हात पसरून म्हणाला. "या! चित्र पक्कं झालं का?"

"बघू या की," ती म्हणाली. मदतनिसाने नवी फळी आणली. तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली, अंगठा फिरवला, मागचा निळा ठिपका पाहिला आणि म्हणाली, "अशी धर. नाही, फिरवू नकोस. मी दिलीय तशीच धर."

फाडकन फळी तुटली.

"बघा! बघा!" ब्रामान्त्यो तिच्याआधी ओरडला. "सात महिन्यांची साधना! हिचा विश्वास जागा झाला!" टाळ्या पडल्यासुद्धा. हा मनुष्य दुसऱ्याच्या ताटातला घास स्वतःच्या नावावर खपवण्यात पटाईत होता.

"थांबा हो," कास्मिरा म्हणाली. "दुसरी आणा. आता मी सकाळी तळताना करपलेल्या तेंपेच्या वड्यांचं चित्र बघते." तिने ती फळीही मोडली. खिडकीत हशा पिकला. मग तिने तिसरी फळी घेतली, पाव वळसा फिरवली आणि पोरांच्या हातात दिली. "आता तुम्ही मोडा, पाक. तुमची तर सगळी चित्रं पक्की असतील."

"मी... गुरूने परीक्षा द्यायची नसते."

"अहो हाणा की!" खिडकीतून म्हाताऱ्या सुतारांपैकी एक ओरडला. त्याच्या डोक्यात आता लख्ख उजेड पडला होता आणि तो स्वतःवरच चिडला होता. "की आम्ही धरू फळी?"

ब्रामान्त्योने हाणलं. फळीला काही झालं नाही. त्याने मनगट पोटाशी धरलं आणि त्याच्या छातीवरच्या माइकमधून सगळ्या सभागृहाला 'आई गं' ऐकू गेलं.

कास्मिराने फळी वर धरली. "ही रेषा. तुम्ही धरलेल्या दोन बाजूंकडे धावली, तर फळी मोडत नाही. त्या बाजूंना समांतर गेली, की पोरगंही मोडेल. ओळखायला मागे ठिपका आहे. माझ्या बोटांनी लाकूड घासण्यापलीकडे काही शिकलेलं नाही, पण एवढं त्यांना कळतं. ते बलस्थान मी कार्डावर लिहायला हवं होतं."

"मग आमच्याच का मोडल्या नाहीत?" कासानने विचारलं.

"कार्डावर घरात कोण राहतं ते विचारलं होतं. तू काय लिहिलंस?"

"कुणी नाही," कासान म्हणाला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. कुणी कुणाकडे बघितलं नाही, पण अकराही जणांना कळलं. ज्याच्या घरी कुणी वाट बघत नाही, तो पुन्हा येतो आणि पुन्हा फी भरतो.

ब्रामान्त्यो मागच्या दाराकडे सरकत होता. तिथे जुमियातुन कमरेवर हात ठेवून उभी होती. "माझं हिरवं दुकान कुठंय हो? सात महिने झाले, नुसतंच दिसतंय!"

"त्यांना काय विचारतेस," कास्मिरा म्हणाली. "आपल्यालाच विचारायला हवं. मी चित्र बघू नका म्हणत नाही. खुर्ची करायची तर आधी ती डोळ्यांपुढे यावीच लागते. पण नुसती बघत बसलात तर जमिनीवरच बसाल; करवत हातात घ्यावी लागते. आणि कुणी तुम्हाला म्हणालं, शंका घेऊ नका, विचारू नका, तर आधी त्या वस्तूला हात लावून बघा. आपल्याला हात आहेत. डोकंही आहे. मी सात महिने दोन्ही गहाण ठेवले, तुम्ही ठेवू नका."

घरी आल्यावर तिने कपाटावरचा फोन सुलटा केला. बोट तीनदा पुढे गेलं आणि तीनदा मागे आलं. फळी मोडायला याच्या शतांशही धीर लागला नव्हता.

दुसऱ्या घंटीला फोन उचलला गेला.

"आई? काय झालं? कुणाला काही झालं का?"

"कुणाला काही नाही झालं. एंदाह, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं. फार चुकलं."

पलीकडून कुणा म्हाताऱ्याचं खोकणं ऐकू आलं.

"इतके दिवस एकदाही फोन केला नाहीस," एंदाह म्हणाली.

"मी रोज तुझं चित्र बघत होते."

"आणि मी रोज फोन बघत होते, आई."

कास्मिराने ओढणीने तोंड दाबून धरलं. "कधी येशील?"

"करार आहे. अजून सोळा महिने तरी नाही." मग आवाज जरा बदलला. "जेवलीस का?"

"नाही अजून. भात होतोय."

"मग वाढून घे. मी फोन ठेवत नाही."

कास्मिराने फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. घर तेवढंच रिकामं होतं. तिने ताट घेतलं, भात वाढला आणि पहिला घास उचलून म्हणाली, "उद्या पिंदांग करीन म्हणते."

"मग उद्याही याच वेळेला कर फोन," एंदाह म्हणाली.