मालगाड्या पेललेला बाक आणि गुणाबाईची टाच

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. शाळेतला नव्हे, बरं का. माझ्यावर कोणी कर्कटकानं नाव कोरलेलं नाही की शाई सांडलेली नाही. मी दवाखान्यातला बाक, पेशंटला झोपवून तपासायचा. चांगला उंच, लांबरुंद आणि चार पायांवर भक्कम उभा. आज माझ्यावर तुरीची डाळ वाळत घातली आहे, पण म्हणून मला कमी समजू नका.

माझा जन्म नांदेडचा. रेल्वेनं रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर काढून टाकले, ते नागप्पा सुताराने आणले आणि त्यांतून मला घडवलं. म्हणजे मी बाक होण्याआधी रुळांखाली आडवा पडून होतो. माझ्या अंगावरून मालगाड्या जायच्या, कोळशाच्या, गव्हाच्या, सिमेंटच्या. मी कधी हूं की चूं केलं नाही. मी तयार झाल्यावर नागप्पाने माझ्यावर तांदळाची पोती रचली आणि आठवडाभर तशीच ठेवली. मग माझ्या पाठीवर थाप मारून तो म्हणाला, "आता ह्याच्यावर हत्ती जरी झोपवला तरी काय होत न्हाई." ही थाप मी जन्मभर विसरलो नाही.

मला विकत घेतलं ते डॉक्टर मन्मथ यांनी. ते मूळचे उदगीरचे. नुकतेच शिकून बाहेर पडले होते आणि चाकूरला दवाखाना काढणार होते. ट्रकच्या टपावर बसून मी लोहा, अहमदपूर असा धूळ खात चाकूरला आलो. त्या वेळी लातूर जिल्हा नवा कोरा झाला होता आणि जो तो त्या रुबाबात होता. चहावालासुद्धा कप पुढे करताना "आमच्या जिल्ह्यात" अशी सुरुवात करायचा. पत्त्यावर जुन्या जिल्ह्याचं नाव टाकून कोणाचं पत्र आलं, तर पोस्टमन नाक मुरडून द्यायचा.

उद्घाटनाच्या दिवशी माझ्यावर विभूतीची तीन बोटं ओढली, हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग प्रश्न आला बोहणीचा. डॉक्टरांचे सगळे नातेवाईक व्यापारी. त्यांचं म्हणणं पडलं, दुकानाची बोहणी जशी भरल्या हाताच्या गिऱ्हाइकाकडून करतात, तसा बाकावर पहिला पेशंटही चांगला भरलेला हवा, म्हणजे दवाखाना भरभराटीला येईल. म्हणून आडत दुकानाचे मालक बसलिंगप्पा यांना मानाने बोलावलं. ते अंगानं इतके भरलेले होते की आणखी भरायला जागाच नव्हती. मी उंच असल्यामुळे चढायला पायरी म्हणून कोणीतरी माझ्याजवळ वनस्पती तुपाच्या डब्यांचं रिकामं खोकं ठेवलं होतं. बसलिंगप्पांनी त्यावर पाय दिला मात्र, खोक्याच्या चिरफळ्या उडाल्या आणि पाहुणे हारासकट खाली बसले!

मित्रांनो, मोडलं ते खोकं. मला तर त्यांचा स्पर्शही झाला नव्हता. पण गावभर झालं, "डॉक्टरचा बाक मोडला!" डॉक्टर मन्मथ इतके ओशाळले की त्यांनी खोक्याकडे नीट बघितलंच नाही. त्यांनी कंपाउंडर सिद्धरामला हुकूम दिला, की यापुढे जाड माणसाला बाकावर घ्यायचं नाही. सिद्धराम हुकुमाचा पक्का माणूस. सूर्य पश्चिमेला उगवतो असं डॉक्टरांनी सांगितलं असतं, तर त्यानं सकाळी खाट फिरवून घेतली असती. अशी मला बदनामी चिकटली. ज्यानं मालगाड्या पेलल्या, त्याला आता माणसं पेलवणार नाहीत असं ठरलं.

थोड्याच दिवसांत दवाखान्यात वजनकाटा आला. छातीएवढा खांब, वर काचेची तबकडी, लाल सुई. त्याचा तोरा काय वर्णावा! तो माझ्या शेजारीच, दाराजवळ उभा राहिला. आत येणाऱ्याने आधी त्याच्यावर चढायचं, सिद्धरामने वजन मोठ्यानं पुकारायचं आणि डॉक्टरांनी टेबलावरूनच ते ऐकायचं. माणूस सडसडीत असला की डॉक्टर उठायचे. त्याला माझ्यावर झोपवायचे, पोट दाबायचे, पाठीला नळी लावायचे, जीभ बघायचे. आकडा मोठा आला की ते उठायचेच नाहीत. रोग त्यांना आकड्यातच सापडलेला असायचा.

शाळेतल्या लक्ष्मीबाई डोळ्याला रांजणवाडी घेऊन आल्या आणि "तूप बंद करा" असं ऐकून परत गेल्या. बसलिंगप्पांच्या कानात तुरीचं फोलकट गेलं होतं. त्यांना रोज सकाळी धावायला सांगितलं. ते चार दिवस धावले. फोलकट कानातच, आणि वर पाय सुजले.

डॉक्टर वाईट माणूस होते असं मात्र समजू नका. गावात हगवणीची साथ आली तेव्हा ते घरोघर फिरले. पण ते स्वतः काडीसारखे, लहानपणापासून कितीही खाल्लं तरी तसेच. जाड माणूस म्हणजे आळशी आणि खादाड, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. मला त्यांचा राग यायचा, आणि राग येतो याचं वाईटही वाटायचं.

नव्या जिल्ह्याच्या पाठोपाठ दुष्काळ आला. विहिरी आटल्या, टँकर सुरू झाले. बायामाणसं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. त्यातच एक होती गुणाबाई. जवळच्याच वाडीची, अंगानं भरदार, तोंडानं हसरी. तिची आई अशीच होती, आजीही अशीच. भर दुष्काळातसुद्धा तिचं अंग उतरलं नव्हतं, आणि त्याचीच तिला लाज वाटायला लोकांनी लावलं होतं. ती एके दिवशी लंगडत आली. टाच दुखत होती. काट्यावर चढली, सिद्धरामने आकडा पुकारला.

डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "एवढा भार पडल्यावर टाच दुखणारच, बाई. भात बंद करा, तळलेलं बंद, गोड बंद. आणि रोज चालत जा."

गुणाबाई म्हणाली, "सायेब, कामावर चालतच जाते की, अन् चालतच येते. भाकर हाय अर्धी, ती बी चटणीसंगं. गोडाचं म्हनाल तर आमच्या टँकरचं पानी बी मचूळ हाय. अजून काय बंद करू?"

डॉक्टरांना वाटलं, बाई लपवते आहे. सिद्धरामने पांढऱ्या गोळ्या पुडीत बांधून दिल्या आणि ती गेली. मी उभाच होतो. एकदा तिला माझ्यावर बसवलं असतं, पाय उचलून तळवा बघितला असता, तर गोष्ट इथेच संपली असती.

काही दिवसांनी ती पुन्हा आली. पाय सुजला होता. येताना टँकरजवळ नंबर लागला म्हणून तिनं घागर भरून घेतली होती. आता दुष्काळात भरलेली घागर दवाखान्याच्या बाहेर ठेवायची म्हणजे पाण्यावर पाणी सोडण्यासारखंच! ती घागर कडेवर घेऊनच काट्यावर चढली. सिद्धरामने जो आकडा दिसला तो पुकारला.

"वाढलं?" डॉक्टर भडकले. पण मान त्यांची खालीच. "मी खाणं बंद करायला सांगितलं आणि तुम्ही वजन वाढवून आलात? असं असेल तर माझ्याकडे येऊ नका."

गुणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. नेहमी चटकन बोलणारी बाई, पण त्या दिवशी गप्पच उतरली आणि घागर सांभाळत लंगडत निघून गेली. माझ्या मागे जमिनीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याने सिद्धरामला विचारलं, "आरं, तिच्या कडेवर घागर हुती की, सांगितलं का न्हाईस?" सिद्धराम शांतपणे म्हणाला, "मला वजन सांग म्हनले हायेत. घागर सांग म्हनले न्हाईत."

लोक हसले. मला मात्र हसू आलं नाही. ती टाच तशीच राहिली तर त्या बाईचं काय होणार, याची मला काळजी लागली होती. बाकाला काळजी वाटून उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. काही उपयोग नाही, पण वाटते खरी.

अशातच उदगीरहून डॉक्टरांच्या मातोश्री शरणम्मा आल्या. लेकाचा दवाखाना बघायला त्या पहिल्यांदाच येत होत्या. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, हातात पानाचा डबा. आणि मित्रांनो, देह असा की दारातून त्यांना जरा तिरकं व्हावं लागलं. डॉक्टर त्या वेळी आत हात धूत होते. शरणम्मांनी खोलीभर नजर फिरवली. बसायला डुगडुगणारं एक स्टूल आणि मी. त्यांनी मला निवडलं. पायरी तर नव्हतीच, म्हणून त्यांनी वजनकाट्याचा खांब धरला, त्याच्या फळीवर पाय ठेवला आणि तिथून वळून थेट माझ्यावर बैठक मारली. काट्याची लाल सुई एक गिरकी घेऊन जी अडकली, ती तिथेच राहिली. त्याला पायरी झालेलं बघून मला जो आनंद झाला, तो सांगण्यात लाज कसली!

सिद्धराम धावत आला. "आव्वा, खाली उतरा. जाड मानसाला बाकावर घ्यायचं न्हाई. सायबाचा हुकूम हाय."

शरणम्मा पान लावत म्हणाल्या, "नऊ मैने मी तुझ्या सायबाला पेललं. आता त्याच्या बाकानं मला घटकाभर पेलू दे."

मी पेललं. एक कुरकूरसुद्धा केली नाही.

तेवढ्यात दारात गुणाबाई दिसली. डॉक्टरांनी येऊ नका म्हटलं होतं, तरी आली होती. भिंतीला धरून एका पायावर उभी. चेहरा तापानं लाल झाला होता. सवयीने ती काट्याकडे वळली.

"तिकडं कुठं चाललीस, माय?" शरणम्मा म्हणाल्या. "उभं ऱ्हावना झालंय तुला. ये हितं, माज्याजवळ बस."

"नगं आव्वा, मी लई जड हाय. बाक मोडंल."

"म्या काय हलकी हाय? ये."

आणि शरणम्मांनी हात देऊन तिला वर ओढून घेतलं. सिद्धरामने डोळे मिटून घेतले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा क्षण. दोघी शेजारी शेजारी, चारही पाय लोंबकळत. मला नागप्पाची ती थाप आठवली आणि मी छाती काढून उभा राहिलो.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले, ते आईला बघून थबकले. त्यांच्या समोर, अगदी डोळ्यांपुढे, गुणाबाईचा पाय होता. मी मुद्दाम उंच केलेला बाक आहे, तो त्यासाठीच. आता बघितल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. घोटा टम्म फुगलेला, टाच काळीनिळी आणि पोटरीवर लाल रेघ चढत चाललेली. डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी वाकून टाच हातात घेतली, बोटाने दाबली. गुणाबाई किंचाळली. त्यांनी चाकू उकळायला टाकला, टाचेत चीर दिली, भळभळा पू आला आणि त्याबरोबर नखाएवढी काळ्या दगडाची कपची बाहेर पडली. खडी फोडताना घुसलेली. गुणाबाई उपाशी राहिली असती, तरी कपची आतच राहिली असती.

"अजून उशीर झाला असता," डॉक्टर हळूच म्हणाले, "तर पाय गेला असता."

"मी तर दोनदा आले हुते, सायेब," गुणाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं.

डॉक्टरांनी तिला इंजेक्शन दिलं, स्वतः पट्टी बांधली आणि तिथेच तिची माफी मागितली. मग आईकडे वळून विचारलं, "आव्वा, तू एवढ्या लांबून आलीस, तुझं काय दुखतंय?"

शरणम्मा पान चघळायच्या थांबल्या. "गुडघा, बाबा. दोन वर्सं झाली."

"दोन वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू म्हनणार वजन कमी कर. त्ये तर उदगीरची पोरं बी मला रस्त्यात सांगत्यात. त्याच्यासाठी लेकाला डॉक्टर कशाला करायचं?"

डॉक्टरांनी स्टूल ओढून घेतलं. मग त्यांनी आईचा पाय मांडीवर घेतला आणि गुडघा तपासायला सुरुवात केली.

दुसऱ्याच आठवड्यात माझ्याजवळ दोन रुंद, भक्कम लाकडी पायऱ्या आल्या. वजनकाटा दुरुस्त होऊन आला, पण त्याची जागा कोपऱ्यात गेली. सिद्धरामला नवा हुकूम मिळाला, आधी बाक, मग काटा. तोही त्यानं इतका कडक पाळला, की औषधाची रिकामी बाटली परत द्यायला आलेल्या पोस्टमनलासुद्धा त्यानं माझ्यावर झोपवलं.

पुढे डॉक्टरांच्या मुलीने दवाखाना हाती घेतला, लोखंडी चकचकीत टेबल आलं आणि मला मागच्या परसात टाकलं. ऊन, धूळ, अंगावर कोंबड्या. मला सरपण करायचं ठरलं होतं. पण गुणाबाई नातीला दाखवायला आली होती, तिनं मला ओळखलं. "ह्यो बाक मला द्या," म्हणाली, आणि बैलगाडीतून मला आपल्या अंगणात घेऊन आली.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी मोठेपणी डॉक्टर झालंच, तर या म्हाताऱ्या बाकाची एवढी विनंती ध्यानात ठेवा. समोरचा माणूस जाड असो की बारीक, आधी त्याला विचारा, कुठं दुखतं? आणि मग जिथं दुखतं तिथं बघा. आणि डॉक्टर नाही झालात, तरी आपल्या वर्गातल्या कोणाला अंगावरून चिडवू नका. त्याचं काय दुखत असेल, ते तुम्हाला ठाऊक नसतं.

गुणाबाई आजही तेवढीच भरदार आहे. संध्याकाळी डाळ गोळा करून ती माझ्यावर बसते, नातीशी गप्पा मारते आणि दोन्ही पाय हलवत राहते. दोन्ही.