तार काढायची राहिली

मी एक जुना जुनिपर आहे, डोंगराळ थंडीतलं सुरूसारखं झाड. वयाने तुमच्या आजोबांच्या जवळपास जाईन, उंचीने मात्र तुमच्या गुडघ्यालाही लागणार नाही. हसू नका, मित्रांनो! डोंगरावरचे माझे भाऊबंद चांगले घराएवढे वाढतात. मी पडलो उथळ कुंडीत, म्हणून लोक मला बोन्साय म्हणतात. पाहुणे येतात, वाकून बघतात आणि "अय्या, किती गोड!" म्हणतात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

माझं बालपण एका रोपवाटिकेच्या मागच्या कोपऱ्यात गेलं. एका बाजूला भिंत, म्हणून मी सगळ्या फांद्या दुसऱ्या बाजूला टाकल्या आणि असा काही तिरपागडा झालो की गिऱ्हाईक माझ्याकडे ढुंकूनही बघेना. माळी मला उपटून टाकणार, तेवढ्यात एक चष्मेवाले आले.

"हा द्या मला," ते म्हणाले.

"अहो, हा वाकडा आहे."

"असू दे. दिवसभर लोकांच्या चष्म्यांच्या वाकड्या काड्या सरळ करतो मी. घरी एखादी गोष्ट वाकडी असली तर बिघडलं कुठे?"

असा मी त्यांच्या गॅलरीत आलो. दुकान बंद करून घरी आले की ते टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरत, मला त्यावर ठेवत आणि तांब्याची तार घेऊन बसत. तार फांदीवर तिरकी, सारख्या अंतराने गुंडाळायची असते. सैल राहिली तर फांदी वळत नाही, फार आवळली तर साल कापते. गुंडाळून झाली की ते दोन्ही अंगठे फांदीखाली लावत आणि श्वास रोखून, कान देऊन हळूहळू वाकवत. जरा कुठे 'कट्' झालं की हात जागच्या जागी थांबे. दुखायचं का? दुखायचं तर! खोटं कशाला बोलू? पण ते सारखे पुटपुटत असत, "झालं हं राजा, झालं."

"माझ्याशी कधी इतकं गोड बोलला नाहीत," आतून मालकीणबाई म्हणत.

"तू कुठे इतकी वाकतेस?" ते म्हणत, आणि आतून एखादं भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज येई.

काही महिन्यांत फांदी वळण धरते. मग तार काढायची. ती उलगडायची नाही, नाहीतर फांदी मोडते. कटरने तिचे बारीक तुकडे करायचे. चांगली तार वाया जाते म्हणून मालकीणबाई कुरकुरत, तरी तुकडे गोळा करायला त्याच पुढे असत. पुढे मी देखणा झालो, मित्रांनो. एका प्रदर्शनात माझ्यासमोर माणसं थांबू लागली, तेव्हा चष्मेवाले मुद्दाम चार पावलं लांब उभे राहून लोक काय बोलतात ते ऐकत होते.

माझी खालची डावी फांदी तेवढी राहिली होती. ती अंगठ्याएवढी जाड, म्हणून तिच्या वाटेला जायला ते घाबरत. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मनाचा हिय्या केला. फांदीला ओल्या कापडाची पट्टी बांधली, वर दुहेरी तार गुंडाळली आणि इतकी सुंदर वाकवली की स्वतःच टाळी वाजवली. मग त्याच हौसेने वरच्या नव्या बारीक फांद्यांनाही तार घातली. "आता वळण धरलंस की काढतो हं तार," ते मला म्हणाले.

त्याच आठवड्यात ते दुकानात काउंटरपाशी कोसळले. घरी परत आलेच नाहीत.

मालकीणबाईंनी माझी हयगय केली असं कुणी म्हणेल, तर ते साफ खोटं आहे. त्या रोज पाणी घालत, कुंडी उन्हाकडे फिरवत, माझ्याशी बोलत बसत. फक्त चष्मेवाल्यांनी शेवटी घातलेल्या तारांना त्या कुणाला हात लावू देत नसत. माझी वाढ सुरू झाली, ती डावी फांदी फुगली. तार कशी फुगणार? ती सालीत शिरू लागली. त्यांची लेक नर्स होती. ती आली तेव्हा तिला ते दिसलं.

"आई, तार रुततेय. काढते मी."

"हात लावू नकोस!"

"अगं, बाबांनी केव्हाच काढली असती."

"मला माहीत नाही का? पण शेवटचं काम आहे ते त्यांचं. त्यांच्या बोटांचा पीळ आहे तो. तुकडे केलेस की फांदी सुटेल, जाईल पुन्हा वर. मग माझ्यापाशी काय राहील?"

"टाके वेळेवर काढले नाहीत तर जखम चिघळते गं."

"इथे दवाखाना नको चालवूस."

लेक आत निघून गेली. तिने तेव्हा भांडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. पण वडील नुकतेच गेलेले. आईला कोण दुखावणार?

मग त्या फांदीत रस चढायचा थांबला. आणि आमच्या जातीची खोडच वाईट, मित्रांनो. फांदी आतून मेली तरी तिचा पाला कित्येक आठवडे हिरवागार राहतो. मालकीणबाई लेकीला फोनवर सांगत, "बघ, काही झालं नाही. छान आहे तो." मी ऐकत होतो. मला तोंड असतं तर गॅलरी डोक्यावर घेतली असती.

एके सकाळी त्यांनी त्या फांदीवरून हात फिरवला आणि पाला कुरकुरत तळहातावर आला. मग आत जाऊन चष्मेवाल्यांचा कटर घेऊन आल्या. तार खोल गेली होती, एकेक तुकडा उकरून काढावा लागला. दुसऱ्या हाताने त्यांनी फांदी घट्ट धरून ठेवली होती. सोडली की वळण जाणार, हीच भीती. शेवटचा तुकडा निघाला. त्यांनी एकेक बोट सैल केलं.

फांदी जागची हलली नाही.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "अहो, ही तर तशीच राहिली! हिने कधीच धरलं होतं की तुमचं वळण. मी उगाच... हिरवी राहिली असती हो ही." आणि चष्मेवाले गेल्यापासून पहिल्यांदाच त्या ढसाढसा रडल्या.

वरच्या बारीक फांद्यांवरच्या तारा त्यांनी त्याच दिवशी काढल्या, म्हणून मी आज हिरवा आहे. ती डावी मात्र वाळून करडी झालीये. लोक विचारतात, ही तोडली का नाही? मालकीणबाई तिच्या वळणावरून बोट फिरवतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी मागे ठेवून गेलेलं एखादं झाड असेल. त्याला नुसतं पाणी घालू नका. जवळ जा, सालीवरून बोट फिरवा. कुठे तार रुतत असेल तर ती कापा. हवं तर रडत रडत कापा, पण फांदी हिरवी आहे तोवर कापा.