मास्तरांच्या कमरेचे माप

मी एक जुनी मोजपट्टी आहे. मित्रांनो, माझ्या एका टोकाचा पितळी पत्रा केव्हाच गळून पडला. पण माझा इंच अजून इंचच आहे, हे मी छातीठोकपणे सांगते.

कारखान्यात कापडी पट्टीवर लेप दिला, आकडे छापले आणि मी तयार झाले. पुढे एका शिंप्याच्या गळ्यात पडले ती कायमचीच. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांचे दुकान दुसऱ्या मजल्यावर आहे. शाळेचे गणवेश, नर्सबाईंचे कोट, वकिलांचे काळे डगले, सगळ्यांची मापे मी घेतली. "मास्तरांचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असे गिऱ्हाइके म्हणत, तेव्हा मला भारी अभिमान वाटे.

पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मास्तरांनी स्वतःचे माप कधी घेतले नाही. सकाळी ते उपाशीच मशीनवर बसत. मग दर तासाला गोडमिट्ट चहा आणि मूठभर बिस्किटे. दुपारचा डबा चार वाजता, तोही एका हाताने, कारण दुसरा कापडावर. घरी गेल्यावर ताटभर तळलेले. पँट घट्ट झाली की ते शिवण उसवून ती सैल करत. दुसऱ्याला अशा वेळी आपले पोट दिसते, मास्तरांना फक्त शिवण दिसे. असे किती वेळा झाले! मी बघत राहिले आणि गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते.

एकदा जिना चढताना ते मध्येच मटकन खाली बसले. डॉक्टरांनी रक्त तपासले. "साखर फार वाढलीय. खाणं बदललं नाहीत तर डोळ्यांवर जाईल."

डोळे गेले तर शिंप्याने करायचे काय? लेकीने सगळे हातात घेतले. चहातली साखर बंद झाली. सकाळी न्याहारी, बरोबर एक वाजता डबा, डब्यात उकडलेली कडधान्ये आणि काकडी. शिवाय दर रविवारी कमरेचे माप वहीत लिहायचे.

"माप मी घेतो. तुला नाही जमायचं," मास्तर म्हणाले, आणि तिथेच घोटाळा झाला. त्यांनी श्वास रोखला, पोट आत ओढले आणि मला करकचून आवळले.

"अडतीस!"

लेकीने आनंदाने लिहून घेतले. पुढच्या रविवारी सदतीस. कात्रीच्या खणात बिस्किटांचा पुडा होता, पण मास्तरांनी ताकास तूर लागू दिली नाही. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मी खोटे बोलले.

मग एका नर्सबाईंचा कोट बेतताना माझे आकडे त्यांना धूसर दिसले. बाही तीन इंच आखूड कापली गेली. लेक डबा घेऊन आली, तेव्हा ते तो तुकडा हातात धरून उभे होते.

"बाबा, काय झालं?"

त्यांनी मला गळ्यातून काढून तिच्या हातात दिले. "आता तू मोज. मी फसवत होतो तुला."

तिने मोजले. "बेचाळीस," ती कशीबशी म्हणाली. "बाबा, मला वाटलं तुम्ही बरे होताय. मी सगळ्यांना सांगत सुटले होते हो!"

 मास्तरांनी हात धुतले आणि डबा उघडला. काकडी खाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होते.

त्याला महिना झाला. गेल्या रविवारी माप साडेएकेचाळीस भरले. जिन्यात ते आता एकदाच थांबतात. डोळ्यांचे मात्र अजून डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

मित्रांनो, मला जपू नका. मी झिजले तर बाजारात नवी मिळेल. पण तुमच्या घरातले कुणी जेवणाची वेळ टाळत असेल आणि "मी ठणठणीत आहे" म्हणत असेल, तर नुसत्या शब्दावर जाऊ नका. त्याला हाताला धरून जेवायला बसवा आणि माप तुम्ही स्वतः घ्या.

उद्या पुन्हा रविवार आहे. लेक मला उचलेल. मला भीती वाटते आहे, पण जे असेल तेच मी सांगेन.