जठरानंदांचे हिरवे खडे

मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर सकाळी जी रांग लागायची, तिच्यातल्या प्रत्येकाच्या हातात झाकणाचा डबा असे. लोणच्याची बरणी, प्रोटीन पावडरचा डबा, पोराची पाण्याची बाटली, ज्याला जे सापडेल ते. आत पाण्यावर हिरवे खडे तरंगत. वाटाण्याएवढे, बोराएवढे, एखाद्या भाग्यवंताचा तर जांभळाएवढा. कालपर्यंत अनोळखी असलेली माणसं एकमेकांच्या पोटातून पडलेल्या वस्तूंचं असं कौतुक करत, जणू बारशाला आली आहेत.

मग चौथऱ्यावर जठरानंद महाराज येत. अंगावर भगवं रेशीम, गळ्यात रुद्राक्ष आणि रुद्राक्षाला चिकटवलेला माईक.

"डॉक्टर क्या काटता है? पेट. हम क्या काटते हैं? पाप. पाप कटा, पथरी गिरी."

गर्दी डबे वर उचलत असे. कोवळ्या उन्हात खडे पाचूसारखे चमकत. महाराज सगळ्यांवरून एक नजर फिरवत आणि लगेच फर्मावत, "आता हे गंगेला देऊन टाका. दोष घरी न्यायचा नाही." मिनिटाभरात सगळे डबे रिकामे होत. एकही खडा घाटाच्या वर जात नसे.

उपचार सोपा होता. दिवसभर उपास. संध्याकाळी आधी कडू मिठाचं पाणी, त्यावर पेलाभर 'अग्नितैल' लिंबाच्या रसात ढवळून. मग रात्रभर पळापळ, आणि पहाटे शौचाच्या भांड्यावर लावलेल्या जाळीत खडे.

माझं नाव शरदिनी. आमचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी काशीला आलं, आणि मी इथल्याच एका मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. बिंदुमाधव माझा धाकटा भाऊ. संकठा घाटाच्या गल्लीत त्याचं घर. याज्ञिकी करायचा, मोठ्यानं हसायचा, आणि कचोरी दिसली की त्याचा पाय पुढे पडत नसे. त्याच कचोरीनंतर त्याच्या उजव्या बरगडीखाली कळ यायला लागली. कळ पाठीतून खांद्यापर्यंत चढायची. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, आणि सर्जनने दुर्बिणीतून पिशवी काढून टाकायला सांगितलं.

"ताई, पोटाला भोकं पाडतात म्हणे," तो म्हणाला.

"मलाही पाडली होती. माझी पिशवी काढून कितीतरी वर्षं झाली. मेले का मी?"

"तुझं वेगळं. मला होमाला तासन्‌तास बसायचं असतं. टाके उसवले तर?"

त्याची बायको पद्मा त्याच्याहून घाबरलेली. शेजारणीने तिला महाराजांचं नाव सांगितलं आणि दोघं जाऊन आले. सकाळी बिंदूचा व्हिडिओ कॉल आला. हातात बरणी, तोंडभर हसू. "बघ ताई, कैची न लावता."

"पुन्हा एकदा सोनोग्राफी करून घे."

"आता काय बघायचंय? सगळं तर बरणीत आहे."

ऑपरेशनची तारीख त्याने रद्द केली. काही आठवडे छान गेले. मग एका दुपारी त्याला हुडहुडी भरून ताप आला, आणि दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसायला लागले. पद्माने महाराजांना फोन केला. महाराज म्हणाले, "बधाई हो. बचा हुआ दोष बाहर आ रहा है. अस्पताल ले गए तो अंदर ही सड़ेगा." तिने मला काही कळवलं नाही, कारण मी काय म्हणणार ते तिला माहीत होतं. मला कळलं तेव्हा बिंदू असंबद्ध बोलत होता. मी त्याला उचलून हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या सर्जनने मला बाजूला घेतलं. खडे पिशवीत जसेच्या तसे होते. त्यातला एक नळीत उतरून अडकला होता, मागे पित्त तुंबलं, त्यात पू झाला आणि ते विष रक्तात गेलं. आधी आणलं असतं तर तोंडातून दुर्बीण घालून तो खडा काढता आला असता, असं ते म्हणाले. माझा भाऊ परत घरी आला नाही.

रडून झाल्यावर माणसं शांत होतात असं म्हणतात. मी झाले नाही. त्याचे दिवस उरकल्यावर काही महिन्यांनी मी मुन्शी घाटाकडून जात होते, तर गल्लीच्या तोंडाशी महाराजांचा नवा फ्लेक्स लागलेला. 'बिना ऑपरेशन पथरी से मुक्ति.' खाली हसणाऱ्या रुग्णांचे फोटो, आणि मधोमध, हातात बरणी घेतलेला बिंदू.

मी तिथेच उभी राहिले. मला त्या क्षणी न्यायबिय काही नको होता. मला त्या माणसाचं तोंड त्याच्याच गर्दीसमोर पडलेलं बघायचं होतं.

माझी जुनी विद्यार्थिनी मधुरा आता पोटविकारांची डॉक्टर आहे. तिच्याकडे गेले आणि म्हटलं, "मी त्याचं तेल पिणार आहे."

"बाई, आपको हो क्या गया है? या वयात जुलाब म्हणजे..." ती हिंदीतून मराठीत आणि मराठीतून पुन्हा हिंदीत जात राहिली. मी ऐकणार नाही हे कळल्यावर तिने रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, अहवालात स्वच्छ लिहिलं की पित्ताशय पूर्वीच काढलेलं आहे, आणि त्या रात्री स्वतः माझ्या घरी मुक्कामाला येईन अशी अट घातली.

डोक्यावरून पदर घेऊन मी महाराजांच्या दारी गेले. त्यांनी साडीवरूनच माझ्या पोटावर दोन बोटं दाबली, डोळे मिटले, आणि मान हलवली.

"माताजी, पित्त की थैली ठसाठस भरी है. फटने को है."

"ऑपरेशन करावं लागेल का?" मी विचारलं.

"भूलकर भी नहीं."

सांगितलं तसं सगळं केलं. त्या रात्रीचं वर्णन करण्यासारखं काही नाही. पहाटे जाळीत हिरवे खडे होते. चांगले मूठभर, गोल, गुळगुळीत. मधुरा बघत राहिली. मी ते धुतले, डब्यात घातले आणि डबा फ्रीझरमध्ये ठेवला.

त्या दिवशी मी पद्माला बोलावून घेतलं. गर्दीसमोर तिला हे पहिल्यांदा कळावं, हे मला बरं वाटेना. स्वयंपाकघरात तिच्यासमोर वाटीत एक खडा ठेवला आणि वरून गरम पाणी ओतलं. खडा मऊ झाला, पसरला, आणि पाण्यावर हिरवट तेलाचा तवंग उरला.

"हे काय, वन्सं?"

"साबण. ऑलिव्हचं तेल प्यायला देतात, वर लिंबू. आतड्यातले रस तेल फोडतात, त्यात क्षार मिसळतात, आणि साबणासारखे गोळे वळले जातात. पित्ताचा हिरवा रंग चढतो. ते कडू मीठ म्हणजे जुलाबाचं मीठ, गोळे बाहेर ढकलायला. मी वर्गात साबण करून दाखवायचे. हा माणूस लोकांच्या पोटात करतो."

"पण तुमच्या पोटात खडे असतील."

"मला पिशवीच नाही, पद्मा."

तिने बोटाने तो तवंग ढवळून पाहिला. मग हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे यांचं काहीच निघालं नव्हतं. मी फोन त्याला केला. तुम्हाला करायला हवा होता."

"खोटं तो बोलला. त्याचं पाप तू डोक्यावर घेऊ नकोस."

तिने डोळे पुसले नाहीत. "तुम्ही तिकडे कधी जाणार? मी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी मुन्शी घाटावर गेलो. फ्रीझरमधला डबा बर्फाच्या पिशवीत गुंडाळून नेला होता. मधुराने आधीच पोलीस चौकीत अर्ज दिला होता. पित्तखडे बरे करतो अशी जाहिरात करणं कायद्याने गुन्हा आहे, हे चौकीतल्या दरोगाला तिनेच वाचून दाखवलं. दरोगा दोन शिपाई घेऊन चहाच्या टपरीवर बसला होता.

महाराजांनी माझा भरलेला डबा पाहिला आणि खूश होऊन मला चौथऱ्यावर बोलावलं. दुसरा एक माईक माझ्या हातात दिला.

"बताइए माताजी, सबको बताइए."

"महाराज, ये निकले कहाँ से?"

"पित्त की थैली से."

"पक्का? आँत से तो नहीं?"

"सौ टका थैली से. हमने खुद हाथ से टटोली थी."

मी त्यांना हे तीनदा बोलायला लावलं. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचलं पाहिजे होतं. मग पदर मागे टाकला, गर्दीकडे तोंड केलं आणि सांगितलं की माझी पित्ताची पिशवी कधीच काढून टाकली आहे, ही इथे उभी आहे ती डॉक्टर, आणि हा तिचा अहवाल. जी थैली नाहीच, ती महाराजांनी हाताने चाचपली आणि त्यातून खडेही काढले.

सगळी गर्दी महाराजांकडे वळली. महाराज हसले. या धंद्यात टिकणारी माणसं पटकन हसतात.

"थैली नहीं तो जिगर से, लिवर से निकले होंगे. पत्थर तो पत्थर है."

"पत्थर है? मग चहाच्या उकळत्या पाण्यात टाकून बघू."

टपरीवाल्याने उकळत्या पाण्याने भरलेले दोन मातीचे कुल्हड आणून ठेवले. एकात मी हिरवे खडे टाकले. दुसऱ्यात, माझ्या ऑपरेशनच्या वेळी सर्जनने बाटलीत घालून दिलेला माझा खरा खडा टाकला, तपकिरी आणि टणक. पुढे बसलेल्यांना वाकून बघायला सांगितलं. पहिल्या कुल्हडात तेल झालं. दुसऱ्यात खडा तळाशी जसाच्या तसा.

एक रिक्षावाला उठला, स्वतःची बरणी घेऊन टपरीकडे गेला आणि म्हणाला, "हमारा भी डालो." मग दुसरा गेला. मग बायका गेल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी डबा गंगेत ओतला नाही. टपरीपुढे रांग लागली, पातेल्यावर पातेलं उकळलं गेलं आणि प्रत्येक कुल्हडात तोच हिरवा तवंग आला. महाराज गळ्यातल्या माईकवरून श्रद्धेबद्दल, कलियुगाबद्दल, डॉक्टरांच्या टोळीबद्दल बोलत राहिले, पण आता त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे आपापल्या कुल्हडात बघत होते.

पद्माने माझ्या हातातून माईक घेतला. तिला चारचौघांत बोलायची सवय नाही. "गली के मुँह पर जो फोटो है," ती म्हणाली, "बीच वाला, वो मेरे पति हैं. वो मर चुके हैं. इन्होंने कहा था अस्पताल मत ले जाना." एवढंच बोलून तिने माईक खाली ठेवला.

महाराजांचा चेहरा पडला. रंग उतरला. मला हेच हवं होतं. मी डोळे भरून पाहिलं. ते चौथऱ्यामागच्या बोळाकडे सरकले, तर तिथे बायका उभ्या होत्या, रिकाम्या बरण्या हातात धरून. कुणी त्यांच्या अंगाला हात लावला नाही आणि वाटही दिली नाही. दरोगा चहा संपवून उठला.

जठरानंदाला बेड्या पडताना मला बघायचं होतं. इतक्यात पद्माने माझा हात ओढला.

"वन्सं, ते बघा."

पायरीच्या कडेला एक साठीचा माणूस भिंतीला टेकून बसला होता. भर उन्हात अंगावर शाल, दात वाजत होते. पद्मा त्याच्यापुढे उकिडवी बसली.

"चाचा, बुखार कब से है?"

"परसों से. महाराज बोले, दोष निकल रहा है."

तिने त्याच्या पापण्या वर केल्या. डोळे हळदीसारखे पिवळे होते. मधुराने नाडी धरली आणि तिचा चेहरा बदलला.

"लगेच न्यायला हवं," ती म्हणाली.

"आपण निघू," पद्मा मला म्हणाली. "त्या महाराजाचं काय होईल ते होईल. मी हे डोळे एकदा पाहिलेत."

महाराजांना पोलिसांनी कसं नेलं, ते मी पाहिलंच नाही. आम्ही त्या माणसाला धरून घाटाच्या पायऱ्या चढत होतो, आणि तो जवळजवळ पद्माच्या खांद्यावर होता. मधुराने ई-रिक्षातूनच हॉस्पिटलला फोन करून तयारी करून घेतली. तिथल्या डॉक्टरांनी तोंडातून दुर्बीण घालून नळीत अडकलेला खडा काढला, पू मोकळा केला. ताप उतरल्यावर पुढे त्याची पिशवीही काढून टाकली. त्याचं नाव प्रल्हाद यादव. गंगेत होडी चालवतो. आता पुन्हा वल्ही मारतो.

जठरानंद जामिनावर सुटला, तेव्हा त्याच्या वकिलाला वाटलं होतं की काही उरणार नाही. खडे वाहून गेले, भाऊ जळून गेला, आणि विधवेचं बोलणं कोण धरतो? प्रल्हाद यादव साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. मी समोरच बसले होते. माझ्या भावाला ज्याने मारलं, त्याला आम्ही वाचवलेल्या माणसासमोर मान खाली घालताना मी पाहिलं. शेजारी पद्मा होती. मला गोड वाटलं, आणि ते मी लपवत नाही.

आता माझ्याकडे लोक येतात, पोट दुखलं की विचारतात. मी डॉक्टर नाही, पण एवढं सांगते. तेलकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर सोनोग्राफी करा. कळीबरोबर थंडी वाजून ताप आला, किंवा डोळे पिवळे झाले, तर कुणालाही न विचारता, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. पोटात नीट बसवलेल्या नळ्या आहेत, त्यात अडकतं, तुंबतं, सडतं. आणि ते बघायची यंत्रं, काढायची माणसं आपल्याच शहरात आहेत. त्यात पाप नाही, दोष नाही, गेल्या जन्माचा हिशोब नाही. आणि कुणी तुमच्या हातात हिरवा खडा ठेवून चमत्कार झाला म्हणालं, तर त्याला नमस्कार करण्याआधी घरात जा आणि पाणी उकळायला ठेवा.