सोमारीबाईंचं म्हणणं

रंजीतानं माइकचा दांडा खाली ओढून पाहिला, पण तो सोमारीबाईंच्या कपाळापाशीच अडकला. शेवटी तिनं माइक काढून त्यांच्या हातात दिला आणि गोंडीत म्हणाली, "तोंडाजवळ धरा. घाबरू नका, मी आहे."

धानोऱ्याच्या मंगल कार्यालयात सकाळपासून लोकसुनावणी चालली होती. दिल्लीत जंगलाच्या कायद्यात बदल होणार होते आणि ते झाले तर ग्रामसभेला न विचारताच जंगल खाणींना देता येईल, असं रंजीताच्या गटाचं म्हणणं होतं. गटातली सगळी माणसं पदरमोड करून काम करणारी. गुणवंतराव त्यांच्यातले वडीलधारे. नागभीडकडचे, घरची धानाची शेती सांभाळून गावोगाव फिरणारे. नागपूरहून आलेल्या एक निवृत्त न्यायाधीश बाई लोकांचं ऐकून घेत होत्या. त्यांचा अहवाल खासदारांपर्यंत जायचा होता. गोंडीत बोलणाऱ्यांचं मराठीत सांगायचं काम रंजीताकडे होतं, कारण ती इथल्याच जंगलगावात जन्मलेली आणि गडचिरोलीच्या कॉलेजात शिकलेली.

दुपारपर्यंत सगळं मरगळलं. तेच मुद्दे, तीच वाक्यं. वार्ताहरांनी कॅमेरे आवरायला घेतले होते.

"मामला थंडा पडून राह्यला," गुणवंतराव तिच्या कानाशी येऊन म्हणाले होते. "सोमारीबाईले बोलव. तिच्या सुनेचं सांगू दे."

सोमारीबाई बोलू लागल्या.

"जंगल आमचं आहे. आमचे पेन, आमचे देव, तिथे आहेत. कोणी न विचारता हात लावायचा नाही. पण मला रस्ता पाहिजे. गेल्या पावसाळ्यात माझ्या सुनेला, रीनाला, कळा सुरू झाल्या. नाल्याला पूर होता. खाटेवर घालून जंगलातून नेलं. पोर वाचलं, ती वाटेतच गेली. झाडांखालीच गेली. रस्त्यासाठी झाडं तोडावी लागतील, हे मला कळतं. तोडा. पण आम्हाला विचारा. कोणती तोडायची ते मी स्वतः दाखवीन."

त्या थांबल्या आणि रंजीताकडे पाहू लागल्या.

मागच्या खुर्च्यांवर खाण कंपनीची दोन माणसं मोबाइल उंच धरून बसली होती. 'तोडा' हा एक शब्द त्यांना पुरला असता. गोंडी कळणारे बहुतेक लोक बाहेर पंगतीला बसले होते. गुणवंतराव मान हलवून 'सांग, सांग' अशी खूण करत होते.

"सोमारीबाई म्हणतात," रंजीतानं सुरुवात केली, आणि पुढचं जणू आधीच तयार असल्यासारखं तोंडातून निघालं. "माझी सून उपचारावाचून जंगलात मेली. सरकार तेव्हा आलं नाही. आता जंगल मागायला कोणत्या तोंडानं येता? आम्ही मरू, पण एक झाड तोडू देणार नाही!"

सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. टाळ्या ऐकून सोमारीबाई आधी बावरल्या, मग लाजून हसल्या. खाली उतरल्यावर त्यांनी रंजीताचे दोन्ही हात धरले.

"किती चांगलं सांगितलंस गं," त्या म्हणाल्या.

रंजीतानं हात हळूच सोडवून घेतले आणि पुढच्या माणसाला बोलवायला गेली. दाराशी सोमारीबाईंचा मुलगा, रीनाचा नवरा दिनेश, पोराला खांद्यावर घेऊन उभा होता. तो भातगिरणीत कामाला होता, मराठी त्याला चांगली येत होती. तो तिच्याकडे पाहत होता. तिनं नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी पेपरात सोमारीबाईंचा फोटो आला. त्याखाली ठळक अक्षरांत रंजीताचं वाक्य होतं.

तेंदूपत्त्याच्या दिवसांत गुणवंतरावांनी तिला पुन्हा सोमारीबाईंकडे पाठवलं. गडचिरोलीत मोठी सभा ठरली होती. त्यांना आणायचंच होतं.

सोमारीबाई अंगणात पानांचे पुडे बांधत होत्या. तिला पाहताच त्या उठल्या, पाणी दिलं, बाजेवर बसवलं. पेपराचं कात्रण त्यांनी आतल्या भिंतीला चिकटवलं होतं. वाचता येत नव्हतं, पण येईल-जाईल त्याला दाखवत होत्या.

"आता रस्ता कधी सुरू होईल?" त्यांनी विचारलं.

"वेळ लागेल, बाई."

"लागू दे. आम्ही जाऊन पाहून आलो. मी बायकांना घेऊन गेले होते. नाल्याकडची सागाची झाडं जातील. मोठ्या मोहाला मात्र वळसा घालायला सांग. तो द्यायचा नाही."

रंजीतानं पेला तोंडाला लावला आणि पाणी संपलं तरी तो खाली ठेवला नाही.

निघताना दिनेश तिला नाल्यापर्यंत पोचवायला आला. दोघांचीही भाषा गोंडी. आजवर ती दोघं तिच्यातच बोलत आली होती. आज तो मराठीत बोलला.

"पेपर वाचला मी. आई तसं नाई म्हणली होती."

ती चालायची थांबली. मग तिनंही मराठीतच उत्तर दिलं.

"तिथी कंपनीची माणसं होती, दिनेशभाऊ. त्यायनं नुसतं 'तोडा' एवढंच धरलं असतं. सगळ्या गावांचं नुकसान झालं असतं."

"माहीत हाये मले. म्हणून तवा गप बसलो." त्यानं पायानं वाळू सारली. "पण रीना रस्त्यावाचून मेली. झाडासाठी नाई मेली. तिच्या नावानं तू रस्ताच नको म्हणून सांगतलं."

नाल्यात पाणी नव्हतं. खडकांवर ऊन होतं.

"बाईले सांगतलं का तुमी?" तिनं विचारलं.

"काऊन सांगू? तिले तू आवडते." तो माघारी वळला. "गडचिरोलीले ती येईन. पण मराठीत मी सांगीन."

गडचिरोलीच्या मैदानात मांडव भरला होता. सोमारीबाई आधीचंच बोलल्या, फक्त मोहाची गोष्ट वाढली होती. दिनेशनं अडखळत, एकेक वाक्य थांबून सांगितलं. 'तोडा' हा शब्दही त्यानं सांगितला, आणि 'आम्हाला विचारा' हेही. रीनाचं नाव घेतलं. त्यानं माइक बाजूला धरला, मग पुन्हा तोंडाशी आणला. मांडवात कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी उठलंही नाही.

गुणवंतराव मंचामागे आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई फिरली काऊन? कोणं फितवलं तिले? कंपनीवाल्यायनं काही दिलं का?"

रंजीता गप्प राहिली असती तर बाई फितल्याची ही गोष्टही तशीच खरी ठरली असती.

"फिरली नाई, भाऊ," ती म्हणाली. "धानोऱ्याले बी ती हेच बोलली होती."

गुणवंतरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, घडी केली, पुन्हा खांद्यावर टाकला.

"अहवाल दिल्लीले गेला नं, पोरी," ते हळू म्हणाले, आणि मंचाकडे निघून गेले.

सोमारीबाई मांडवाच्या कडेला सतरंजीवर बसल्या होत्या. शेजारी दिनेश, त्याच्या मांडीवर झोपलेलं पोर. रंजीता समोर जाऊन बसली.

"यानं नीट सांगितलं का गं?" सोमारीबाईंनी गोंडीत विचारलं. "लोक नुसतेच बघत होते. मला वाटलं, याला जमलं नाही."

"नीट सांगितलं, बाई. तुम्ही बोललात तसंच."

"तुझ्यासारखं नाही येत त्याला." त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पुढच्या वेळी तूच सांग."

"नाई," रंजीता म्हणाली. शब्द मराठीत आला, आणि इतक्या जोरात की पलीकडच्या बायका वळून पाहू लागल्या.

सोमारीबाईंनी हात काढला नाही. "काय झालं?"

रंजीता सतरंजीच्या सुटलेल्या धाग्याकडे पाहत होती. मग ती मान वर करून गोंडीत म्हणाली, "बाई, धानोऱ्याला तुम्ही बोललात ना, त्यानंतर मी जे बोलले..."

दिनेशनं पोराला उचलून खांद्यावर घेतलं आणि पाणी आणतो म्हणून तो तिथून उठून गेला.