शुक्रवारचा पेपर

यादव गेल्यावर त्याच्या पुण्यानुमोदनासाठी शुक्रवार धरला होता. शुक्रवारी कामतघरचे कापडाचे लूम बंद असतात, त्यामुळे माणसाला माणसाच्या दुःखाला यायला सवड मिळते. चाळीपुढच्या मांडवात पंचशील झालं आणि भाषणं सुरू झाली. तिसरे उभे राहिले ते केमिस्ट्रीचे सर. केस पांढरे झाले होते, आवाज मात्र तोच, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"यादवराव दरवर्षी निकालाच्या दिवसांत माझ्या घरी यायचे," सर म्हणाले. "शर्टपीस आणायचे. मी म्हणायचो, अहो कशाला? तर म्हणायचे, सर, त्या दिवशी तुम्ही म्हणालात की घाबरू नका, पोरगी हुशार आहे, म्हणून आमची कमळा उभी राहिली. आज ती कल्याणला कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. मी काय बोललो ते खरं तर मला आठवतही नाही. पण शिक्षकाचा एक शब्द, बघा, काय करून जातो."

टाळ्या वाजवायची जागा नव्हती म्हणून लोकांनी नुसत्या माना हलवल्या.

कमळा आईशेजारी बसली होती. पांढऱ्या साडीचा पदर तिने बोटाला इतका गच्च गुंडाळला होता की बोट काळंनिळं पडलं होतं.

"आई, शर्टपीसचं खरंय?"

"दर जूनला," कौसल्या म्हणाली. "बारा झाली. तुला सांगू नको म्हनले. तू चिडशील म्हनले."

सरांना आठवत नव्हतं. कमळाला शब्दन्‌शब्द आठवत होता.

शहाऐंशी साली ती बारावीला केमिस्ट्रीत नापास झाली. लेखीत अकरा मार्क. येत नव्हतं अशातला भाग नव्हता. त्यांची खोली महमूदशेठच्या कारखान्याला भिंतीला भिंत लागून होती. चोवीस लूम, दोन पाळ्या. त्या खटखटीत ती रांगायला लागली आणि त्या खटखटीतच समीकरणं जुळवायला शिकली. खटखट थांबली की चाळ झोपेतून दचकून उठायची. परीक्षेचं केंद्र मात्र गावाबाहेरच्या नव्या इमारतीत होतं. तिथे पर्यवेक्षकाच्या चपलेशिवाय कसलाही आवाज नव्हता. कमळाला स्वतःच्या छातीतले ठोके ऐकू यायला लागले, तळव्यांना घाम फुटला आणि पाठ असलेलं सगळं डोक्यातून गळून गेलं.

मार्कशीट घ्यायला यादव तिच्याबरोबर गेला होता. बावीस वर्षं तो लूमची दुरुस्ती करणारा जॉबर होता आणि त्या बावीस वर्षांत त्याचे कान गेले होते. कारखान्यात त्याचं काही अडत नसे. तिथे कोणीच आवाजाने बोलत नाही. ओठ मोठे करायचे आणि समोरच्याने ते वाचायचे. चाळीतली पोरंसुद्धा चालायच्या आधी ओठ वाचतात. पण सरांनी मान वर केली नाही. मार्कशीटच्या गठ्ठ्यात डोकं घालूनच ते बोलले.

"हिला सुताच्या कांड्या भरायला बसवा. कुणीही उठावं आणि सायन्स घ्यावं, असं नसतं ते. आणि तुम्हा लोकांना कसली काळजी? सरकार चिकटवेलच कुठंतरी."

ऑफिसातले दोन कारकून हसले. यादवने त्यांना हसताना पाहिलं आणि तोही हसला. त्याने सरांपुढे हात जोडले. "हां साहेब, हां. लई उपकार."

रस्त्यावर आल्यावर कमळाने त्याच्याकडे तोंड वळवलं.

"हसलात कशाला तुम्ही?"

"सगले हसले, मी पन हसलो. काय म्हनला मास्तर?"

खरं सांगितलं असतं तर तो परत फिरला असता. किंवा फिरला नसता. दोन्हींतलं काहीही तिला बघवलं नसतं. तिने ओठ मोठे केले. "म्हणाले, घाबरू नका. पोरगी हुशार आहे. ऑक्टोबरला पुन्हा बसवा."

यादव रस्त्यातच थांबला. "आसं म्हनला?" मग चाळीच्या तोंडाशी येऊन म्हणाला, "मास्तर बोल्लाय तर बसायचं."

मग नापास कशाने झाली, ते तिने त्याला सांगितलं. हॉलमध्ये आवाज नव्हता. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी महमूदशेठपुढे जाऊन उभा राहिला.

"शेठ, जुम्म्याला कारखान्याची चावी पायजे."

"बंद कारखान्यात काय करणार यादव? उंदीर मोजणार?"

"पोरगी पेपर लिवनार."

शेठने चावी टेबलावर टाकली. "लिहू दे. पर तू आत बिडी पिऊ नको, सूत हाय."

पुढचे सोळा शुक्रवार कमळाने बंद लूमांच्या मधे काढले. सूत गुंडाळायच्या दोन रिकाम्या रुळांवर, बीमवर, फळी टाकून यादवने तिचं टेबल केलं. टेमघरच्या रद्दीवाल्याकडून जुन्या प्रश्नपत्रिका आणल्या, गजराचं घड्याळ ठेवलं आणि स्वतः समोरच्या पेटीवर बसला. तेलाचा आणि खळीचा वास, आणि कानात दडे बसावेत अशी शांतता. पहिल्या शुक्रवारी ती वीस मिनिटांत रडायला लागली. दुसऱ्या शुक्रवारी तिने पेन भिरकावलं.

त्याने ते लूमखालून काढून आणलं, लुंगीला पुसलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

"लूम बंद पडला की नवा कारागीर काय करतो? घाबरतो, आन हात घालतो. मंग सूत नेनारा धोटा उडून तोंडावर येतो. मी काय करतो?" त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "बगतो. सुताचा कुठला तार तुटला त्ये दिसल्याबिगर पाना उचलत न्हाय."

"केमिस्ट्री म्हणजे लूम नाही, बाबा."

"मला काय म्हाईत. मी चौथी पास."

"मग बसवता कशाला?"

"मास्तर बोल्लाय."

दर वेळी हेच उत्तर. त्या माणसाच्या नावाने कमळाकडून अभ्यास करून घेतला जात होता, आणि ती थाप तिची स्वतःची होती. ती रागाने लिहायला लागली. पहिली दहा मिनिटं हात मागे, नुसतं वाचायचं. येणाऱ्या प्रश्नांवर खूण. त्यातला सगळ्यात सोपा आधी. गणित अडलं की तिचा हात घाईघाईने खोडायला लागे आणि यादव समोरून दोन बोटं वर करी, म्हणजे पेन खाली, हात मांडीवर, बघ. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, पण हात कधी घाबरला ते लांबून कळत होतं. तरीही तार सापडला नाही, तर तेवढी जागा कोरी सोडून पुढे जायचं. पाळी संपताना तो जसा एकेका लूमला तेल बघून यायचा, तसं शेवटच्या दहा मिनिटांत एकेका समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे अणू मोजायचे.

ऑक्टोबरात त्याच हॉलमध्ये तीच चप्पल वाजत होती. छातीतले ठोकेही तेच होते. विद्युत अपघटनाच्या गणिताला ती अडली तेव्हा खोडाखोड करणारा हात तिने आपणहून मांडीवर ठेवला. किती कूलंब, हे लिहायचंच राहिलं होतं. ते दिसलं, मग तिने पेन उचललं. लेखीत त्रेपन्न मार्क पडले.

यादवने मार्कशीट चाळभर फिरवली. "मास्तर बोल्ला व्हता," असं तो प्रत्येक दाराशी म्हणाला. कमळाला तेव्हाच खरं सांगता आलं असतं. पुढच्या बारा वर्षांत कधीही सांगता आलं असतं.

"आता कमळाताई दोन शब्द बोलतील," मांडवात कोणीतरी म्हणालं.

ती उठली. सर फोटोशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले होते, तिच्या पाठीमागे. समोर माइक होता, बॅटरीवरचा. तिने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. शुक्रवार होता. छातीतले ठोके ऐकू यायला लागले.

बोलली तर सरांची फजिती होईल, आणि त्यांना ते नाकारायला दोन वाक्यं पुरतील. आठवत नाही, असं ते आधीच म्हणून बसले होते. मग मांडवात वाद होईल, फोटोसमोर. न बोलली तर बाबांचे उपकार कायमचे त्या माणसाच्या नावावर.

कमळाने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि समोर पाहिलं.

पहिल्या ओळीत मजीद आणि दत्तू होते, तीस-तीस वर्षं लूमवर उभे राहिलेले. कांड्या भरणारी शांताबाई. त्यांच्या मागे दोन्ही पाळ्यांचे कारागीर. उभा मांडव लूमवाल्यांचा.

तिने माइक बाजूला सारला. ओठ मोठे केले आणि आवाज न काढता, कारखान्यात बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करून ती बोलली. सर तेव्हा काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. कांड्या भरायला बसवा. तुम्हा लोकांना कसली काळजी. मग म्हणाली, बाबांना ऐकू आलं नाही. मी त्यांना खोटं सांगितलं. त्या खोट्यापायी त्यांनी या माणसाला बारा शर्टपीस दिली. मला ज्यांनी पास केलं ते चौथी शिकलेले होते.

दत्तूचं पान चघळणं थांबलं. शांताबाईने पदर तोंडावर घेतला. मजीदने सावकाश मान वळवली आणि सरांकडे पाहिलं. मग त्याच्यामागच्या ओळीने पाहिलं, मग त्यामागच्या.

सरांना वाटलं, पोरीला हुंदका आला. सगळे आपल्याकडे पाहताहेत हे त्यांना दिसलं. त्यांनी चेहरा मऊ केला, मान डोलावली आणि हात जोडले.

"काय म्हणाली ती?" समोरच्या ओळीतून उठून शेजारी येऊन बसलेल्या महमूदशेठला त्यांनी हळूच विचारलं.

शेठने कारखाना काढायच्या आधी नऊ वर्षं स्वतः लूम चालवला होता. त्याने फोटोकडे पाहिलं.

"तुमचे उपकार बोलली, सर," तो म्हणाला. "सगळे. एक एक करून."

सर हसले आणि त्यांनी पुन्हा हात जोडले.